कुत्रा खच्ची करावा काय?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर, राज्यघटनेवर, फार तर उजनीच्या पाण्यावर बोलण्याचा प्रघात आहे. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी भीतभीतच सांगितले, ‘पाळलेला नर कुत्रा खच्ची करावा की करू नये’. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांच्यापैकी एकाने खुर्ची जरा पुढे ओढून हळूच विचारले, “आमच्या टायगरचं काय करू, डॉक्टर?” तेव्हाच मी ओळखले की विषय मान्य झाला.

तीसएक वर्षे मी ह्या जिल्ह्यात जनावरांचा दवाखाना केला. आरंभीची वर्षे बैल, म्हशी आणि शेळ्या ह्यांच्यात गेली. पुढे शहर वाढले, जुळे सोलापूर झाले, आणि दवाखान्याच्या बाकावर कुत्री दिसू लागली. सोलापूर हे तीन भाषांचे गाव. एकाच सकाळी एक मालक कुत्रा म्हणून, दुसरा नाय म्हणून आणि तिसरा कुक्क म्हणून आपले जनावर माझ्यापुढे ठेवी. पण शेवटचा प्रश्न तिघांचाही एकच असे. तो विचारण्याची तऱ्हाही ठरलेली. बाई स्पष्ट विचारतात, “ऑपरेशन करून टाकायचं का?” आणि त्यांचे यजमान त्याच वेळी भिंतीवरचे लसीकरणाचे पत्रक वाचू लागतात.

यजमानांच्या ह्या वाचनाचे कारण वैद्यकात नसून भाषेत आहे, असे माझे मत आहे. ‘खच्ची’ हा शब्द आपल्याकडे अरबी ‘खसी’वरून आला. मूळचा तो साधा धंद्याचा शब्द: घोडा असेल तर आख्ता, बोकड असेल तर खस्सी, बैल असेल तर बडवलेला किंवा खच्ची. पण पुढे वर्तमानपत्रांनी तो उचलला. कार्यकर्त्यांचे खच्चीकरण, मनोधैर्याचे खच्चीकरण असे रोज छापून येऊ लागले, आणि शब्दाला अपमानाचा वास लागला. आता घरच्या कुत्र्याविषयी तो उच्चारताच माणसाला वाटते, आपण ह्या मुक्या जिवाचा मान काढून घेतो आहोत. म्हणून लोक ‘नसबंदी’ म्हणतात. तो शब्द सौम्य आहे, पण चुकीचा आहे. नसबंदीत फक्त बीजवाहिनी तोडतात. वृषण जागेवरच राहतात व त्यांचा रस रक्तात मिसळतच राहतो. अशा कुत्र्याला पिले होणार नाहीत, परंतु त्याचे भटकणे, भांडणे, खांबाखांबावर पाय वर करणे ह्यांत तसूभरही फरक पडणार नाही. कुत्र्यात आपण जी शस्त्रक्रिया करतो तीत दोन्ही वृषण काढून टाकतात. सरकारी कागदांत तिला निर्बीजीकरण म्हणतात. मी आज जुनाच शब्द वापरणार आहे. त्यात कोणाचा अपमान नाही.

आता ह्या जिल्ह्यातल्या माणसाला ही कल्पना नवी आहे काय? मुळीच नाही. सांगोले, मंगळवेढे, माण, जत हा सारा खिलार बैलांचा मुलूख. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात हिंडलेला कोणताही शेतकरी दुरून सांगेल की हे खोंड आहे की बडवलेला बैल आहे. आमच्या वडिलांच्या दावणीला बैल असत, आणि गोऱ्हा केव्हा बडवायचा ह्यावर घरात चार-चार दिवस चर्चा चाले. लवकर बडवला तर त्याची मान भरत नाही, वशिंड उठत नाही, पाय नुसते लांब होतात आणि जनावर हडकुळे दिसते. उशीर केला तर तो माजतो, औताला ऐकत नाही, दुसऱ्या बैलाला शिंगावर घेतो. म्हणून दोन दात, चार दात झाले, अंग भरले, की मग. पुढे दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा आला आणि दगडाने ठेचण्याची ती क्रूर पद्धत मागे पडली. पण ‘केव्हा’ हा प्रश्न शेतकऱ्याने चिमट्यालाही विचारला.

मला सांगायला संकोच वाटतो, पण हा ‘केव्हा’ आम्ही पशुवैद्य कुत्र्याच्या बाबतीत विसरलो होतो. आमच्या पुस्तकांत सहा महिने हे वय छापलेले असे आणि आम्ही सहा महिने सांगत असू. ते वय मुख्यतः अमेरिकेतून आलेले. तिकडे बेवारशी कुत्र्यांची केंद्रे भरून वाहत, तेव्हा पिले होण्यापूर्वीच शस्त्रक्रिया उरकून टाकावी हा विचार बळावला. तो त्यांच्या अडचणीला धरून होता. पण उलट बाजूला नॉर्वे पाहा. तेथे योग्य कारणावाचून प्राण्याच्या शरीराचा भाग काढण्यास कायद्याचीच मनाई आहे, आणि निरोगी कुत्रा सर्रास खच्ची करण्याची चाल नाही. तरी तिथल्या रस्त्यांवर भटकी कुत्री दिसत नाहीत, कारण मालक कुत्र्याला दोरीने बांधून नेतो व कुंपणात ठेवतो. दोन्ही देश सुधारलेले, दोघांकडेही उत्तम पशुवैद्य. रिवाज मात्र परस्परविरुद्ध. ह्यावरून एवढे कळते की हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही. कुत्रा कसा राहतो आणि मालक कसा वागतो ह्यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून आहे.

शास्त्र काय म्हणते ते आता पाहू. वृषणांतून टेस्टोस्टेरोन नावाचा रस रक्तात जातो. त्याच्यामुळे नराचे डोके मोठे होते, मान जाड होते, माजावर आलेल्या कुत्रीचा वास आला की त्याचे भान सुटते. आपल्या भाषेने भाद्रपद महिना कुत्र्यांना उगाच दिलेला नाही. पावसाळा सरता सरता रस्त्यावरच्या पुष्कळ कुत्र्या माजावर येतात, आणि दोन महिन्यांनी, सुमारे त्रेसष्ट दिवसांनी, थंडीच्या तोंडाला गल्लीगल्लीत पिले दिसू लागतात. ह्या दिवसांत घरचा शहाणा कुत्रा जेवत नाही, रात्रभर कण्हतो, दार उघडे दिसले की निसटतो. दरवर्षी ह्याच दिवसांत माझ्याकडे मोडक्या पायांची आणि फाटक्या कानांची कुत्री येत. होटगी रस्त्यावर, विजापूर रस्त्यावर ट्रकखाली सापडलेली काही कुत्री तर टेबलावर घेण्याच्या अवस्थेतही नसत.

शस्त्रक्रियेने ह्यातले काय थांबते? अमेरिकेत बेंजामिन हार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ४२ प्रौढ नर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्यांची संख्या लहान आहे, परंतु पुढच्या संशोधकांनाही पुष्कळसे तेच आढळले. भटकणे दहापैकी नऊ कुत्र्यांत कमी झाले. माणसांच्या पायांवर, उशांवर चढणे सुमारे दोन-तृतीयांश कुत्र्यांत कमी झाले. दुसऱ्या नरांशी भांडणे जवळजवळ तेवढेच. आणि घरात जागोजाग मुतून खूण करणे निम्म्यांत. म्हणजे उरलेल्या निम्म्यांत ते चालूच राहिले. लागलेली सवय ही रसाची मिंधी राहत नाही. सोफ्याचा कोपरा त्याच्या डोक्यात बसलेला असतो.

पण खरा घोटाळा ह्याच्या पुढे आहे. लोक कुत्रा खच्ची करायला आणतात ते बहुधा भटकण्यासाठी नव्हे. ‘चावतो’ म्हणून आणतात. एक शिक्षक आपला कुत्रा घेऊन आले होते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो गुरगुरे, दोघांना चावलाही होता. मी त्याला टेबलावर घेतले तेव्हा त्याची शेपटी पोटाखाली होती, कान मागे पडलेले, आणि डोळ्यांचे पांढरे दिसत होते. तो भित्रा कुत्रा होता. पिलूपणी त्याला एका खोलीत कोंडून वाढवलेले; घरच्या चार माणसांपलीकडे त्याने जग पाहिले नव्हते. मी शस्त्रक्रिया केली. चार महिन्यांनी शिक्षक पुन्हा आले. कुत्रा अधिकच बिचकू लागला होता, आणि तिसऱ्या माणसाला चावला होता. तेव्हा मी त्यांना दोष दिला नाही. दोष माझा होता. हार्ट ह्यांच्या त्या जुन्या अभ्यासातही भीतीने चावणाऱ्या किंवा घराची राखण म्हणून अंगावर जाणाऱ्या कुत्र्यांत फरक पडलेला नव्हता, आणि ते मी वाचलेले होते. सिडनीच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर असे दिसले की नराच्या आयुष्यात हा रस जितका कमी काळ राहिला, तितक्या भीतीच्या व बिचकण्याच्या तक्रारी अधिक. वृषणांचा रस कुत्र्याला थोडी धिटाईही देत असतो. जो आधीच भितो त्याची ती शिदोरी काढून घेतली तर तो शांत होईल अशी आशा करणे चूक आहे. अशा कुत्र्याला आधी धीर द्यावा लागतो: हळूहळू माणसांची ओळख, दुरून घातलेला तुकडा, महिनोन्‌महिने केलेली मेहनत. सुरीने ते काम होत नाही. आणि ज्याला पिसाळलेल्या कुत्र्याची भीती आहे त्याने रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. खच्ची कुत्र्यालाही रेबीज होतो.

आता वयाकडे वळतो, कारण येथे आमच्या वडिलांच्या दावणीचे शहाणपण परत भेटते. हाडे लांब होतात ती त्यांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांमुळे. वयात आल्यावर लैंगिक रसांमुळे ह्या पट्ट्या मिटतात व वाढ थांबते. तो रसच लवकर काढून घेतला तर पट्ट्या उशिरा मिटतात, हाड थोडे अधिक लांबते, आणि सांध्यात एक हाड दुसऱ्यावर जसे बसायला हवे तसे नेमके बसत नाही. लवकर बडवलेल्या गोऱ्ह्याचे पाय लांब होतात असे शेतकरी म्हणे, ते हेच. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या मंडळींनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांपैकी १० टक्क्यांना कमरेच्या सांध्याचा विकार झाला. न केलेल्यांत हे प्रमाण त्याच्या निम्मे होते. त्याच विद्यापीठाने २०२० साली ३५ जातींचा आढावा घेतला. लहान चणीच्या बहुतेक जातींत सांध्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडे अजून काही लोक अल्सेशियन म्हणतात, त्याच्या बाबतीत मात्र त्यांचा सल्ला दोन वर्षांपर्यंत थांबण्याचा आहे. संकरित कुत्र्यांच्या वेगळ्या पाहणीत वजनाची रेघ सुमारे वीस किलोंवर पडली. त्याहून भारी कुत्रा एक वर्षाच्या आत खच्ची केला तर सांधे बिघडण्याचा धोका वाढतो, हलक्याचा नाही. २०२४ साली जगभरच्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या संघटनेने जी मार्गदर्शिका काढली तीतही सरसकट सर्वांना एकच वय लावू नये असेच म्हटले आहे.

ह्या ३५ जातींत आपला कारवानी नाही आणि गल्लीतला गावठीही नाही. तेव्हा मी वजनावरून अंदाज बांधतो. पामेरियन किंवा पग सात-आठ महिन्यांचा झाला की करायला हरकत नाही. लॅब्रॅडोर, मोठा गावठी, वीस-पंचवीस किलोंचा कारवानी ह्यांना दीड वर्ष तरी होऊ द्यावे. कारवान्याविषयी आणखी एक सूचना: त्याच्या अंगावर चरबी नसते, आणि त्याच्यासारख्या सडपातळ शिकारी जातींना भुलीची काही औषधे फार वेळ चढून राहतात. तेव्हा भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना जात सांगा, वजन मोजून घ्या. “अंदाजे वीस असेल” असे म्हणू नका.

आता रोगांचा जमाखर्च. वृषण काढले की वृषणांचा कर्करोग अर्थातच होत नाही. वृषण पोटातच अडकून राहिलेला असेल, म्हणजे पिशवीत एकच गोटी लागत असेल, तर हा प्रश्न चर्चेचा उरत नाही. अडकलेल्या वृषणात गाठ होण्याचा संभव कैक पटींनी अधिक असतो, आणि तो दोष पिलांतही उतरतो. असा कुत्रा खच्ची करावाच, आणि दोन्ही वृषण काढावेत. म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी सुजणे, गुदद्वाराशेजारी गाठी होणे, तेथील स्नायू सैल पडून आतडे बाहेर फुगणे, हे विकारही खच्ची कुत्र्यात क्वचित दिसतात. उलट प्रोस्टेटचा कर्करोग ह्या शस्त्रक्रियेने टळत नाही, आणि काही जातींत इतर काही कर्करोगांचे प्रमाण थोडे वाढल्याचे आढळले आहे. लठ्ठपणा हा तर डोळ्यांना दिसणारा तोटा. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याची भूक वाढते आणि गरज घटते. मालक पूर्वीइतकीच भाकरी, त्यावर कडकभाकरीचा चुरा आणि संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी लागलेला घास असे चालू ठेवतो, आणि वर्षाने म्हणतो, “ऑपरेशनमुळे फुगला.” ऑपरेशनने नव्हे, ताटाने फुगला. पहिल्या महिन्यापासून चौथाई अन्न कमी करावे आणि दर महिन्याला वजन करावे.

एका रोगाविषयी मात्र जरा थांबून सांगितले पाहिजे, कारण तो आपल्या रस्त्यांवर फार आहे आणि त्याची वाच्यता कोणी करीत नाही. नर कुत्र्याच्या इंद्रियातून रक्त ठिबकू लागते. मालकाला वाटते मूतखडा झाला. आत पाहिले तर फुलकोबीसारखी गाठ असते. हा समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कर्करोग आहे. जंतू नव्हे, तर गाठीच्या पेशीच एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाऊन रुजतात. शास्त्रज्ञांनी त्याची वंशावळ शोधली तेव्हा कळले की चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियातल्या कोण्या एका कुत्र्याच्या अंगात ही गाठ उपजली, आणि तो कुत्रा केव्हाच मेला तरी त्याच्या पेशी जगभरच्या कुत्र्यांत अजून जिवंत आहेत. मला ह्या गोष्टीचे अजून नवल वाटते. उपचार चांगला आहे: व्हिन्क्रिस्टीन नावाचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा, असे चार ते सहा आठवडे. हे औषध सदाफुलीपासून निघते. जिच्या कुंड्या आपल्या दारात असतात तीच ती सदाफुली. अर्थात पाला कुटून पाजण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, तो विषारी आहे. जो कुत्रा मोकळा हिंडतो आणि खच्ची केलेला नाही, त्याला ही गाठ केव्हातरी होण्याचा संभव बराच. जो बांधून नेला जातो त्याला जवळपास नाहीच.

जॉर्जिया विद्यापीठाने २०१३ साली ४०,१३९ कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. खच्ची केलेली कुत्री सरासरीने अधिक जगली. ती अपघाताने आणि सांसर्गिक रोगाने कमी मेली. कर्करोगाने मात्र अधिक. हा आकडा पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या जाहिरातीसारखा सांगितला जातो. पण जो मालक शस्त्रक्रियेचा खर्च करतो तोच बहुधा लसही टोचतो आणि दारही लावतो. तेव्हा आयुष्य वाढले ते सुरीने किती आणि दाराने किती, हे त्या आकड्यावरून वेगळे करता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, “ते सगळे राहू द्या, शहरात भटकी कुत्री इतकी झाली आहेत, नागरिक म्हणून तरी आम्ही आमचा कुत्रा खच्ची करायला नको काय?” २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिले, तेव्हापासून हा प्रश्न मला फार विचारला जातो. ११ ऑगस्टच्या आदेशात सर्व कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले होते. २२ ऑगस्टला त्यात बदल करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत असे ठरले. कानाला खाच पाडलेला रस्त्यावरचा कुत्रा दिसला तर समजावे, त्याची शस्त्रक्रिया झाली आहे. २००१ च्या नियमांत पाळीव कुत्र्याच्या प्रजोत्पत्तीची जबाबदारी मालकावर टाकलेली होती, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही मालक सुटलेला नाही.

पण गणित सरळ करून पाहू. एका गल्लीत दहा कुत्रे आणि दहा कुत्र्या आहेत असे धरा. दहांपैकी नऊ नर खच्ची केले, तरी उरलेला एक नर दहाही कुत्र्यांना पुरून उरतो. पिले बहुतेक तितकीच होतात. उलट नऊ माद्यांची शस्त्रक्रिया केली तर पिलांचे एकच वेत होते. गावाला वळू एकच पुरतो हे शेतकऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच तो बाकीचे बडवू शकतो. तेव्हा तुमचा एक नर खच्ची केल्याने सोलापूरची कुत्री कमी होतील ह्या समजुतीत राहू नका. गल्लीतली एखादी माजावर येणारी कुत्री स्वखर्चाने शस्त्रक्रियेला पाठवलीत तर नगरावर अधिक उपकार होतील. ह्याचा अर्थ नराचा मालक मोकळा झाला असा नाही. तुमच्या कुत्र्याने भिंतीवरून उडी मारून शेजारच्या पेठेत जी पिले केली, ती थंडीत गटाराशेजारी मरतात. ती तुम्हाला दिसत नाहीत इतकेच.

धर्माची हरकतही मी ऐकली आहे. बाळ्याच्या खंडोबाला जाणारे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “खंडोबाच्या पायाशी कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, त्यांच्या अंगाला सुरी लावायची?” मी त्यांना विचारले, “आणि महादेवाच्या पुढ्यात कोण बसतो?” ते हसले. नंदीच्या जातीला आपण पिढ्यान्‌पिढ्या बडवीत आलो, आणि पोळ्याला त्याचीच पूजा केली. १९६० च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्यानेही विहित रीतीने केलेले खच्चीकरण हे क्रौर्य मानलेले नाही. विहित रीत महत्त्वाची: रबर बांधून किंवा ठेचून हे काम घरी कोणी करीत असेल तर तो गुन्हा आहे. “एकदा तरी त्याचं लग्न लावून द्या, मग करा,” असेही पुष्कळ जण म्हणतात. ह्यात दया आहे, पण ती आपल्यावरून कुत्र्यावर केलेली आहे. कुत्र्याला न झालेल्या लग्नाची हळहळ नसते. वासाने उठणारी ओढ असते. ती पुरवली तर अधिक बळावते, आणि रस गेला तर बहुतेक निवते.

शस्त्रक्रियेचे भय मात्र रास्त आहे, तेवढे सांगतो. नरात पोट उघडावे लागत नाही. पिशवीच्या पुढे एक लहान छेद घेऊन दोन्ही वृषण काढतात. कुशल हाताला वेळ फार लागत नाही. धोका असतो तो भुलीचा, आणि तो तरुण, निरोगी जनावरात थोडा असतो. रक्त तपासून घ्यावे. आपल्याकडे गोचिडांपासून होणारे ताप फार, आणि त्यांत रक्त गोठण्याची शक्ती घटते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर असताना भुलीतून उठलेल्या कुत्र्याला पत्र्याखाली ठेवू नये. शक्य तर हे काम थंडीत करावे. दहा दिवस जखम चाटू देऊ नये, गळ्यात ते फनेल घालावे, त्याला कितीही ओशाळल्यासारखे वाटले तरी. आणि शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिना त्याला माजावरच्या कुत्रीजवळ जाऊ देऊ नये. वाटेत राहिलेले बीज तितके दिवस टिकू शकते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण श्रोत्यांना ती विचारण्याचा अधिकार आहे. माझ्या घरी वाघ्या नावाचा गावठी होता. दुसऱ्यांचे कुत्रे मी रोज खच्ची करीत होतो, त्याला केले नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखे नव्हते. टेबलावर तो असेल आणि सुरी माझ्या हातात, हे मनाला येईना. तो बांधलेला असे, कुंपण उंच होते, भांडखोर नव्हता. म्हणून नऊ वर्षे हा निर्णय मला योग्यही वाटला. दहाव्या वर्षी तो शौचाला बसला की कण्हू लागला. मल चपटा, फितीसारखा येई. कधी लघवीत रक्त. बोट घालून पाहिले तो प्रोस्टेट लिंबापेक्षा मोठी लागली. हे निदान दुसऱ्याच्या कुत्र्यात मी पहिल्या दिवशी केले असते. वाघ्यात तीन आठवडे मी त्याला बद्धकोष्ठ म्हणत राहिलो. अखेर दुसऱ्या डॉक्टरांकडून शस्त्रक्रिया करवली, दहा वर्षांच्या जनावराला भूल देण्याचा जो अधिक धोका असतो तो पत्करून. पाच आठवड्यांत ग्रंथी आकसली आणि त्याचे कण्हणे थांबले. त्यानंतर तो अडीच वर्षे जगला.

ह्यावरून कोणी म्हणेल, तरुणपणीच करायला हवे होते. मला तसे खात्रीने म्हणता येत नाही. त्याची नऊ वर्षे चांगली गेली होती, आणि रोग झाला तेव्हा उपायही तोच होता. फक्त मी पाहायला उशीर केला. ज्याला कुत्रा बांधून नेणे जमते, घराला कुंपण आहे, आणि सहाव्या-सातव्या वर्षापासून दरवर्षी त्याची प्रोस्टेट तपासून घेण्याची शिस्त आहे, त्याने निरोगी, शांत नर तसाच ठेवला तर मी त्याला दोष देणार नाही. ज्याच्या घराला वाडा आहे पण दार नाही, ज्याच्याकडे मुले येतात-जातात आणि फाटक उघडे राहते, ज्याच्या घरी मादीही आहे, किंवा ज्याचा कुत्रा भाद्रपदात दोन-दोन दिवस नाहीसा होतो, त्याने अंग भरले की वेळ घालवू नये. आणि ज्याचा कुत्रा भीतीने चावतो त्याने सुरीकडे येण्यापूर्वी त्या भीतीकडे पाहावे.

सध्या आमच्याकडे एक कारवानी आहे, जतच्या बाजूने आलेला. येत्या ज्येष्ठात त्याला दोन वर्षे पुरी होतील. तो वाऱ्यासारखा पळतो, आमचे कुंपण त्याला कमरेइतके वाटते, आणि गेल्या भाद्रपदात तो एकदा रात्रभर बाहेर होता. सकाळी हमरस्त्याच्या कडेला सापडला, धडधाकट. त्याची शस्त्रक्रिया पहिला पाऊस पडून हवा निवली की, गणपतीच्या आधी, करायची ठरवली आहे. वजन परवाच केले: चोवीस किलो. सुरी ह्या वेळीही माझ्या हातात असणार नाही.